छातीखालचा क्षय

मराठीत लघवीला जळजळ होण्याला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. शब्दातच निदान आलं आणि उपचारही आला. ऊन बाधलंय, तर धने-जिऱ्याचं पाणी प्या, सब्जा भिजवून घ्या, दोन दिवसांत उतरेल. बहुतेकांची उतरतेही. माझ्या एका मामाची उन्हाळी मात्र भर पावसाळ्यात लागायची, दिवाळीच्या थंडीतही लागायची, आणि हे सात वर्षं चाललं. शेवटी कळलं की त्याला क्षय झालाय. खोकला नाही, छातीचा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ, आणि क्षय किडनीत. तिथून तो खाली उतरत वृषणांपर्यंत पोचला होता.

‘टीबी तिथे होतो?’ हा प्रश्न आमच्या घरात प्रत्येकानं विचारला. मी सॉफ्टवेअरवाला, वैद्यकाचं शिक्षण शून्य. पण एखादा बग सात वर्षं कुणालाच सापडला नाही असं ऐकलं की मला स्वस्थ बसवत नाही. वाचत गेलो तसं लक्षात आलं की हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही. पुरुषाच्या मूत्रमार्गातला आणि जननेंद्रियांतला क्षय हा रोग शेकडो वर्षं प्रत्येकानं भलत्याच ठिकाणी शोधला. आणि भलत्या ठिकाणी शोधण्यामागे दर वेळी अज्ञानच होतं असंही नाही.

सुरुवात चंद्रापासून करावी लागते. चरकसंहितेत राजयक्ष्म्याची जन्मकथा आहे. दक्ष प्रजापतीच्या मुली चंद्राला दिलेल्या होत्या, पण चंद्र एकट्या रोहिणीत गुंतला. बाकीच्या बायकांनी बापाकडे तक्रार केली, दक्ष कोपला आणि त्या कोपातून चंद्राला यक्ष्मा जडला. तो झिजू लागला. शेवटी अश्विनीकुमारांनी त्याला बरं केलं. ग्रहताऱ्यांच्या राजाला झाला म्हणून राजयक्ष्मा. कथा सुंदर आहे, पण तिच्या पोटात एक निदान दडलंय: अतिसंभोगानं शुक्र गेलं, म्हणून माणूस झिजला. चरकानं या रोगाची चार कारणं दिली आहेत. ताकदीबाहेरचं साहस, मलमूत्रादी वेग दाबून धरणं, शरीरातल्या धातूंचा क्षय आणि वेडंवाकडं खाणं. त्यांतल्या धातुक्षयाच्या कारणात शुक्राचा नाश हा मोठा भाग आहे.

हा विचार फक्त आपला नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातल्या तिसो नावाच्या डॉक्टरनं 1760 साली हस्तमैथुनावर एक पुस्तक लिहिलं. वीर्य वाया गेल्यानं शरीर कसं खंगत जातं याची भीषण वर्णनं त्यात होती. युरोपभर ते वाचलं गेलं आणि पुढची शंभरेक वर्षं तरुण मुलगा खंगायला लागला की लोक त्याच्याकडे संशयानं पाहू लागले. म्हणजे पूर्वेला आणि पश्चिमेला एकच उलटा बाण काढला गेला होता. पुरुषाचं जननेंद्रिय क्षयाचं कारण ठरलं. प्रत्यक्षात क्षय बाहेरून येतो आणि ते जननेंद्रिय त्याची शिकार होतं, हे कळायला विसावं शतक उजाडलं.

त्या उलट्या बाणाचं भूत अजून आपल्या भिंतींवर आहे. एसटी स्टँडच्या मुतारीशेजारी, रेल्वे रुळांलगतच्या कंपाउंडवर चुन्यानं लिहिलेलं ‘गुप्तरोग, धातू जाणे, शर्तिया इलाज’ आपण सगळ्यांनी वाचलंय. पोरवयात तर चोरून वाचलंय. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यात वाचकांच्या असल्या प्रश्नांना ते सरळ, न लाजता उत्तरं देत. त्यासाठी त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांत कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. कर्वे गेले, मासिक बंद पडलं. भिंतीवरच्या पाट्यांना मात्र दर पावसाळ्यानंतर नवा रंग मिळतो. कमरेखाली काहीही दुखलं की पुरुषाला पहिली आठवण त्या पाटीची होते, आणि मग तो गप्प बसतो. मामाही गप्प बसला. एका वृषणाच्या मागे सुपारीएवढी गाठ हाताला लागत होती. ती त्यानं दोन वर्षं कुणालाच सांगितली नाही, मामीलाही नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघू. क्षयाचा जंतू श्वासातून फुप्फुसात शिरतो. बहुतेकांचं शरीर त्याला तिथेच कोंडतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. पण कोंडण्याआधी काही जंतू रक्तात निसटतात. किडनीतून रक्त भरपूर वाहतं, त्यामुळे ते दोन्ही किडन्यांच्या बाहेरच्या थरात जाऊन बसतात. तिथे छोटीशी गाठ होते, बऱ्याचदा बरी होते, आणि कधी कधी त्यातले काही जंतू नुसते पडून राहतात. पाच वर्षं, दहा वर्षं, वीससुद्धा. मग वय, मधुमेह, कुपोषण, असं काही झालं की एका किडनीतली गाठ फुटते आणि जंतू लघवीच्या वाटेला लागतात. किडनीतून मूत्रवाहिनी, मूत्राशय, तिथून प्रोस्टेट, आणि वृषणाच्या पाठीला चिकटलेली ती वेटोळी नळी, अधिवृषण. उलगडली तर काही मीटर लांब भरेल इतकी ती बारीक गुंडाळलेली असते. कधी जंतू तिथे रक्तातूनही थेट पोचतात. जंतू जिथे जातो तिथे व्रण करतो, आणि व्रण भरताना ती जागा आकसते. शुक्रवाहिनीवर एकामागून एक गाठी येतात. डॉक्टरच्या बोटांना ती मण्यांच्या माळेसारखी लागते.

मूत्राशयही आकसतं. शिंपी बोटात घालतो त्या टोपणाएवढं होतं, असं डॉक्टर म्हणतात. त्यात अतिशयोक्ती आहे, पण रात्रीतून दहा वेळा उठणाऱ्या माणसाला ती तितकी वाटत नाही.

रॉबर्ट कॉखनं 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. त्यानंतर वर्षभरातच रुग्णांच्या लघवीतही तो दिसला. एवढ्यावर प्रश्न सुटायला हवा होता. पण इथे एक गंमतशीर अडथळा आला. क्षयाचा जंतू रंगवण्याची खास पद्धत असते. लाल रंग चढवायचा, मग आम्लानं धुवायचं. बाकीचे जंतू रंग सोडतात, हा सोडत नाही. 1884 मध्ये व्हिएन्नाच्या लुस्टगार्टेनला सिफिलिसच्या व्रणांमध्ये असेच रंग न सोडणारे जंतू दिसले आणि सिफिलिसचा जंतू सापडला असं त्यानं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी आल्व्हारेझ आणि टाव्हेल यांनी दाखवलं की हेच जंतू अगदी निरोगी पुरुषाच्या शिश्नाच्या कातडीखाली साचणाऱ्या मळातही असतात. झाली पंचाईत. पुरुषाच्या लघवीत लाल कांड्या दिसल्या तर तो क्षय की नुसता मळ? नुसत्या मायक्रोस्कोपवर भरवसा ठेवणं अवघड होऊन बसलं. याच मळातल्या जंतूच्या कुळातला ‘मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस’ आज प्रयोगशाळांमध्ये क्षयजंतूचा बदली कामगार म्हणून वापरतात, कारण तो भराभर वाढतो आणि सहसा कुणाला आजारी पाडत नाही. बेडाक्विलिन हे औषध-प्रतिरोधक क्षयावरचं औषध याच जंतूवर हजारो रसायनं तपासून सापडलं. ज्यानं मूत्ररोगतज्ज्ञांना इतकी वर्षं छळलं, त्याच्याकडून एवढी वसुली झाली हे बरं झालं.

दुसरा मार्ग म्हणजे लघवीतला जंतू वाढवून बघणं, म्हणजे कल्चर. मामानं सात वर्षांत युरिन कल्चर चार वेळा केलं होतं. रिपोर्ट घरातल्या ट्रंकेत अजून आहेत. चारही रिपोर्टांत पू-पेशी भरपूर आणि खाली एक ओळ: जंतूंची वाढ नाही. दर वेळी अँटिबायोटिकचा एक कोर्स, दर वेळी थोडं बरं वाटणं, दर वेळी ‘पाणी जास्त प्या’.

कुठल्याही प्रोग्रामरला हे वाचून जे वाटेल तेच मला वाटलं. हा टाइमआउट आहे. लघवीच्या साध्या संसर्गात सापडणारा ई. कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. लॅब त्यासाठी दोन दिवस थांबते आणि ते पुरतात. क्षयाच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायला वीसेक तास लागतात, आणि त्याला खाद्यही वेगळं लागतं, अंड्याचं. सहा-आठ आठवडे थांबलं तरच तो दिसतो. शिवाय तो लघवीत रोज उतरत नाही, म्हणून सकाळची पहिली लघवी लागोपाठ तीन दिवस द्यावी लागते. नेहमीचं कल्चर त्याला शोधतच नाही. पू भरपूर आणि जंतू शून्य, ही विसंगतीच खरं तर सूचना असते, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत ती कित्येक दशकं छापलेली आहे. ती चार रिपोर्टांवर चार वेळा आली. एका तरुण डॉक्टरनं चारही कागद एका शेजारी एक ठेवून वाचले, तेव्हा तिला ती दिसली.

पण मी पुढे गेलो. कॉखच्या काळात औषध नव्हतं, सुरी होती. 1869 मध्ये हायडेलबर्गच्या गुस्टाव्ह सिमोननं आधी कुत्र्यांवर प्रयोग करून मग एका बाईची एक किडनी काढली आणि माणूस एका किडनीवर जगतो हे सिद्ध केलं. क्षयानं सडलेली किडनी काढून टाकण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. अडचण एकच: कुठली काढायची? लघवी तर दोन्हींची मूत्राशयात येऊन मिसळते. चुकून चांगली काढली किंवा उरलेली आधीच निकामी असली, तर रुग्ण मेला.

आणि वृषणाचं काय? सूज तिथे दिसते, पू तिथून वाहतो, म्हणजे रोग तिथेच सुरू झाला असं अनेक सर्जन मानत. रोगाचं मूळ काढायचं म्हणून ते वृषण काढून टाकत. कित्येक पुरुषांचं खच्चीकरण या तर्कावर झालं, आणि किडनीतला जंतू वरून शांतपणे पुढचा माल पाठवत राहिला.

दोन किडन्यांची लघवी वेगवेगळी बघण्याचं श्रेय दोघांना जातं. माक्सिमिलिअन निट्झेनं 1879 मध्ये व्हिएन्नाचा कारागीर लायटर याच्या मदतीनं मूत्राशयात घालायची दुर्बीण बनवली. तिच्या टोकाला प्रकाशासाठी प्लॅटिनमची तार विजेनं पांढरी होईपर्यंत तापवायची, आणि रुग्ण भाजू नये म्हणून तिच्याभोवती थंड पाणी खेळवायचं. हे डिझाइन वाचून मी दोन मिनिटं पाय जवळ घेऊन बसलो होतो. पुढे बारीक विजेचे दिवे आले आणि पाण्याची गरज संपली.

दुसरा होआकिन अल्बार्रान. क्यूबात जन्मलेला, पॅरिसच्या नेकेर हॉस्पिटलमध्ये मोठा झालेला. 1897 मध्ये त्यानं त्या दुर्बिणीच्या टोकाला एक छोटी हलती पट्टी बसवली. ती बाहेरून स्क्रू फिरवून वरखाली करता येते, आणि तिच्या आधारानं बारीक नळी नेमकी एका किडनीच्या मूत्रवाहिनीत सरकवता येते. उजव्या किडनीची लघवी एका बाटलीत, डावीची दुसऱ्या. इतकी साधी गोष्ट. आता सुरी उचलण्याआधी कळत होतं की आजारी कुठली आणि उरणारी कामाची आहे का. ती पट्टी आजच्या यंत्रांतही आहे आणि तिला आजही अल्बार्रानचंच नाव आहे. 1912 च्या जानेवारीत, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, अल्बार्रान क्षयानं गेला.

एकोणिसशे वीसच्या दशकात अमेरिकेत एडगर मेडलरनं वेगळ्या प्रकारची चिकाटी दाखवली. फुप्फुसाच्या क्षयानं मेलेल्या, पण किडनीची कसलीही तक्रार नसलेल्या तीस माणसांच्या किडन्या त्यानं घेतल्या आणि त्यांचे हजारो पातळ काप करून एकेक तपासला. 1926 मध्ये त्यानं निष्कर्ष छापला. क्षयाच्या बारीक गाठी बहुतेक वेळा दोन्ही किडन्यांत होत्या, बाहेरच्या थरात होत्या, आणि अनेक आपोआप भरून आल्या होत्या. जंतू रक्तातून येतो आणि दोन्हीकडे येतो, हे त्यातून पक्कं झालं. स्वित्झर्लंडच्या हान्स व्हिल्डबोल्झनं 1937 मध्ये याला ‘जेनिटोयुरिनरी ट्यूबरक्युलोसिस’ असं एकच नाव दिलं. किडनीचा क्षय आणि अधिवृषणाचा क्षय हे दोन रोग नाहीत, एकाच रक्तातून पसरलेल्या रोगाच्या त्या दोन जागा आहेत, असा त्याचा आग्रह होता. मला या सगळ्या माणसांत मेडलर सर्वांत जवळचा वाटतो. लॉग फाइल ओळीनं वाचणारा माणूस आहे तो.

औषधांचा इतिहास तुम्ही इतरत्र वाचला असेल, म्हणून थोडक्यात. ऑक्टोबर 1943 मध्ये अल्बर्ट शाट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं रट्गर्स विद्यापीठात स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. 1952 चं नोबेल त्याच्या गुरूला, वॅक्समनला एकट्याला मिळालं, आणि त्या भांडणावर पुस्तकं आहेत. 1952 मध्येच आयसोनियाझिड आलं. मग साठच्या दशकात रिफॅम्पिसिन, ज्याच्या कुळाचं नाव ‘रिफिफी’ या फ्रेंच सिनेमावरून पडलंय. मद्रासच्या केंद्रात 1956 पासून झालेल्या चाचणीनं दाखवलं की घरी राहून गोळ्या घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात. हवापालट, मिरज-पाचगणीची मोकळी हवा, हे सगळं हळूहळू मागे पडलं.

मूत्रमार्गाच्या क्षयाला मात्र गोळ्यांनी एक नवी अडचण दिली, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. व्रण भरतो तेव्हा आकसतो, हे वर आलंच आहे. गोळ्यांनी व्रण झपाट्यानं भरायला लागले आणि भरता भरता मूत्रवाहिनी बंद पडू लागली. जंतू मेले, रुग्णाला बरं वाटू लागलं, आणि त्याच वेळी वर किडनी तुंबून, कसलीही कळ न देता, निकामी होत राहिली. म्हणून आता उपचार चालू असताना मधूनमधून सोनोग्राफी करतात आणि गरज पडली तर मूत्रवाहिनीत स्टेंट नावाची बारीक नळी घालतात. मामाची डावी किडनी त्याआधीच गेलेली होती. ती काढली. गोळ्यांचा पहिला डोस घेतल्यावर लघवी नारिंगी-लाल झाली तेव्हा तो घाबरला. रक्त वाटलं त्याला. रिफॅम्पिसिननं सगळ्यांचीच तशी होते, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता मामीबद्दल. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. नऊ वर्षांत मामीच्या सोनोग्राफ्या झाल्या, नळ्या तपासून झाल्या, दुर्बिणीची तपासणी झाली, सोळा सोमवार झाले, नरसोबाची वाडी झाली. आजी वाईट बाई नाही, पण तिचं एक वाक्य मी लहानपणी ऐकलेलं आहे: “अगं, एकदा मोठ्या डॉक्टरला दाखव ना, तुझ्यात काय कमी आहे ते तरी कळेल.” मामाला कुणी म्हटलंच तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं: “माझं काय बघायचंय?” वीर्याची तपासणी ही सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी, सुईसुद्धा न टोचणारी. ती सगळ्यात शेवटी झाली, क्षयाचं निदान झाल्यानंतर. शुक्राणू शून्य. दोन्ही बाजूंच्या वाहिन्या बंद होत्या. वृषणातून सुईनं शुक्राणू काढून पुढचं करता येतं, असं डॉक्टरांनी समजावलं. मामी तेव्हा अडतीस वर्षांची होती. ती म्हणाली, “आता मला कुठल्याच टेबलावर झोपायचं नाही.” त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. आजीनं मामीची माफी मागितल्याचं मला माहीत नाही. त्या दिवाळीत तिनं स्वतःच्या पाटल्या मामीच्या हातात घातल्या, एवढं मी पाहिलं.

क्षयरोग्याला गाव वाळीत टाकतं, म्हणून लोक तो लपवतात. लैंगिक आजार तर त्याहून लपवतात. हा रोग दोन्ही लपवण्यांच्या नेमक्या मध्ये पडतो. सहवासातून तो क्वचितच पसरतो, लघवीतून शेजाऱ्याला होत नाही, फुप्फुसात नसेल तर खोकल्यातूनही जात नाही. ज्याला लपवायचं काही कारण नाही तोच सर्वांत जास्त लपवला जातो.

या इतिहासाला एक शेपूट आहे. कॅल्मेट आणि गेरँ या फ्रेंच जोडीनं 1908 ते 1921 अशी तेरा वर्षं, दर तीन आठवड्यांनी नव्या खाद्यावर घालत, गायीचा क्षयजंतू 230 वेळा वाढवला. त्याची मारण्याची ताकद गेली. ती बीसीजी, आपल्या दंडावरचा व्रण. 1929 मध्ये रेमंड पर्लनं शवविच्छेदनांच्या नोंदी चाळून लिहिलं की कॅन्सरनं मेलेल्यांत क्षयाच्या खुणा कमी दिसतात. त्यातून बरीच वर्षं फारसं काही निघालं नाही. 1976 मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनच्या अल्व्हारो मोरालेसनं मूत्राशयाच्या कॅन्सरच्या नऊ रुग्णांच्या मूत्राशयात नळीनं थेट बीसीजी सोडली. जिवंत क्षयजंतू, दुबळे का असेनात, त्याच जागी. शरीर त्यांच्यावर चवताळून उठलं आणि त्या तडाख्यात कॅन्सरच्या पेशीही सापडल्या. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, असा त्याचा क्रम होता. सहाच का, तर लस सहा बाटल्यांच्या पाकिटात यायची. कुणीतरी हार्डकोड केलेला आकडा, आणि सुरुवातीचा उपचार जगभर अजूनही सहा आठवड्यांचाच आहे.

कधी कधी हे दुबळे जंतूही प्रोस्टेटमध्ये किंवा अधिवृषणात जाऊन बसतात आणि तीच जुनी सूज, तीच गाठ करतात. मग त्या रुग्णाला क्षयाच्याच गोळ्या द्याव्या लागतात.

ही बीसीजी पुण्यात हडपसरला, सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते. बाळांच्या दंडासाठीची वेगळी, मूत्राशयासाठीची वेगळी. माझं ऑफिस तिथून जवळ आहे, बस त्या गेटवरून जाते. आतून निघालेली बाटली मूत्राशयात रिकामी झाली की रुग्णानं ती दोन तास धरून ठेवायची, आणि नंतरचे सहा तास, लघवी झाली की संडासात ब्लीच ओतून, पंधरा मिनिटं थांबून मगच फ्लश करायचं असतं.